विहाराच्या आठ खुर्च्या

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला सात खुर्च्या भिंतीला लागल्या आणि आठवी गुंडूआबांच्या पुढ्यात आली, तेव्हा घरात वादळ उठायला अजून तासभर होता.

सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, सगळी जमली होती. चिमणाबाई बादलीत भिजत घातलेल्या वेताच्या पट्ट्या एकेक करून काढायची, अंगठ्यानं पाणी निपटायची आणि नवऱ्याच्या हातात द्यायची. थोरली लेक बनाबाई चार दिवसांपूर्वी शिरोळहून आली होती. जुना फाटका वेत उकरून भोकं मोकळी करायचं काम तिच्याकडं होतं, पण आठही खुर्च्या मोकळ्या झाल्यामुळं आता ती नुसती बोलत होती. नात मोना बारावीचं पुस्तक घेऊन दारात बसली होती. आत सून प्रियदर्शनी भाकऱ्या थापत होती, आणि मुलगा सम्राट बाहेर उन्हात स्कूटर धूत होता.

दसऱ्याला विहारातली अभ्यासिका नव्यानं उघडायची होती. कमिटीतल्या पोरांनी प्लास्टिकच्या खुर्च्या आणायचं ठरवलं तसे गुंडूआबा काठी टेकत मीटिंगला गेले. "त्या आठ खुर्च्या मी एकोणनव्वद साली विणल्यात," ते म्हणाले. "सांगाडा सागवानी हाय. बैठकीचा वेत तेवढा फाटलाय. त्यो मी घालून देतो." आबांचं वय एकाहत्तर. चोविसाव्या वर्षी त्यांची दृष्टी पुरती गेली, त्यानंतर अंधांच्या केंद्रात ते हे काम शिकले आणि बांधकाम खात्यात लागले. तीस वर्षं कोर्टात, कचेरीत, शाळेत, जिथं वेताची खुर्ची फाटेल तिथं ते जाऊन बसायचे. भोकं मोकळी करायची एक आरी, एक छोटी हातोडी, सुरी आणि बोटाएवढ्या लाकडी खुंट्या, एवढंच सामान. पिशवीत मावायचं.

"सम्या," बनाबाईनं हाक मारली, "ये की आत. आबांच्या संगं तिरपे पट्टे घाल. जेवायच्या आधी हुईल."

सम्राट हात पुसत आला. उंबरा ओलांडला आणि दुसऱ्याच पावलाला त्याचा पाय बादलीत अडकला. बादली कलंडली, पाणी फरशीवरून सरसरत आबांच्या मांडीखाली आलं.

"अरं, एवढी मोठी बादली," चिमणाबाई म्हणाली. "दिसली न्हाय व्हय?"

"ध्यान नव्हतं."

मोना फडकं आणायला उठली. बनाबाई हसत होती. आबांनी मात्र दुसरंच ऐकलं. आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता. परातीवर पडणारी थाप मध्येच बंद झाली आणि कितीतरी वेळानं पुन्हा सुरू झाली, ती आधीपेक्षा जोरात.

आबांनी खुर्ची मुलाच्या दिशेनं थोडी वळवली. उभे आडवे पट्टे आदल्या दिवशीच घालून झाले होते, आता तिरपे राहिले होते. डाव्या अंगानं आबांनी घालायचे, उजव्या अंगानं सम्राटनं. लहानपणी सुट्टीत सम्राट हे करायचा, त्यामुळं त्याला काही सांगावं लागत नव्हतं. पट्टी भोकातनं वर काढायची, उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या जोड्यांखालून वरून न्यायची, ताणायची, पलीकडच्या भोकात घालायची, खुंटी ठोकायची.

डोळस माणूस भोकाकडं बघतो आणि पट्टीचं टोक नीट आत घालतो. त्याचं बोट लाकडाला लागलं तर शेवटी लागतं. आंधळ्याचं बोट आधी जातं. नख लाकडावर सरकत भोक शोधतं, तिथंच थांबतं, आणि मग त्या बोटाच्या आधारानं पट्टी आत जाते. आबांच्या बोटांनी आयुष्यभर तेच केलं होतं. आज उजव्या बाजूनं तोच आवाज येत होता. खर्र, थांबणं, मग पट्टी.

आबांनी जमेल तेवढा वेळ वाट बघितली. सोप्यात उजेड कमी आहे, पोरगं आत्ताच उन्हातनं आलंय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग सम्राटनं सुरी खाली ठेवली, आणि थोड्या वेळानं ती घ्यायला हात नेला. फरशीवर त्याचा तळवा फिरू लागला. जवळनं सुरू करून मोठा होत जाणारा गोल. सुरी त्याच्या गुडघ्याला लागून होती.

"उद्या म्हणं तुमच्या शाळेची सहल हाय?" बनाबाईनं विचारलं.

"हाय की. गणपतीपुळ्याला."

सम्राट शाळेची बस चालवायचा. अठरा वर्षं झाली होती. गल्लीतली पोरं त्याला डायव्हरकाका म्हणायची.

"किती वाजता निघणार?"

"पहाटे चारला. आंबा घाट उजाडायच्या आत उतरायचाय, मग पोरांस्नी समुद्रावर जादा वेळ मिळतो. चाळीस पोरं हायत."

आत कशाचं तरी झाकण पडलं आणि फरशीवर गोल फिरत राहिलं. कुणी ते उचललं नाही.

तेवढ्यात कमिटीतली पोरं टेम्पो घेऊन आली. दारातनंच जय भीम झाला. सात खुर्च्या टेम्पोत चढल्या, आणि त्या नीट लागतात की नाही हे बघायला बनाबाई निघाली, तिच्यामागं चिमणाबाई आणि मोनासुद्धा. सम्राट उठू लागला तसं आबांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"तू थांब. ही संपवू."

टेम्पोचा आवाज वळणापर्यंत गेला आणि घर शांत झालं.

"सुरी तुझ्या डाव्या गुडघ्याला लागून हाय," आबा म्हणाले.

सम्राटनं सुरी उचलली.

"तू फरशी चाचपालाईस, सम्राट. तसं गोल चाचपायला मला केंद्रात शिकवायला लागलं. महिना गेलता शिकण्यात. तुला कुणी शिकवलं?"

"अंधार हाय हितं."

"मला अंधाराचं नको सांगू."

सम्राट उठून उभा राहिला आणि परत बसला. स्वयंपाकघराच्या दारात बांगड्या वाजल्या.

"आबा, मी सांगतो," प्रियदर्शनी म्हणाली.

"प्रिया, तू आत जा," सम्राट म्हणाला.

"न्हाय जात. चार महिनं आतच हाय मी." ती येऊन ओल्या फरशीवरच बसली. तिच्या हाताला पिठाचा वास होता. "आबा, जूनमधी ह्यांनी शाळंच्या गेटला बस घासली. खांब दिसलाच न्हाय म्हणाले. संध्याकाळच्या फेऱ्या दुसऱ्या डायव्हरला देत्यात, लग्न हाय म्हणत्यात, मयत हाय म्हणत्यात. मला शपथ घातलीया. मोनाची. रोज ह्यांनी बस आणून लावस्तवर मी दारात उभी असतो."

"समोरचं सगळं दिसतंय मला," सम्राट म्हणाला. "बाजूचं जरा कमी. नळीतनं बघितल्यागत. दिवसा काय अडत न्हाय."

"आणि पहाटे चारला? घाटात?" आबांनी विचारलं.

सम्राट सुरीनं पट्टीचं टोक तासत राहिला.

"डागदरला दाखवलंस?"

"दाखवून काय करू? ते सांगणार ते मला ठावच हाय की. मी बघितलंय आबा. कचेरीत तुम्ही खुर्ची विणत बसायचा आणि सायब मला इचारायचा, ह्यांना चहात साखर चालते का. मी आठ वर्षांचा. तुम्ही हातभर अंतरावर. तुमाला कुणी इचारतच नव्हतं. मला तसं नको व्हायला."

आबांच्या हातातली पट्टी वाळत चालली होती. त्यांनी ती ओली करायला बादलीकडं हात नेला, आणि बादली रिकामी आहे हे त्यांना आठवलं. त्यांनी पट्टी मांडीवर ठेवली. आयुष्यात त्यांनी कधी अर्धवट पट्टा सोडला नव्हता.

"तुला एक सांगायचंय," ते म्हणाले. "आधीच सांगायला पायजे हुतं. माझी आय म्हातारपणी भिंत धरून चालायची, ते तू ऐकलंयस. नव्वद साली मी मिरजेला एका डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलतो. त्यानं सगळं इचारून घेतलं आणि म्हणाला, हे घराण्यात उतरतं. पोरांस्नी आणून दाखवा. दरवर्षी दाखवा."

"मग?"

"मग काय न्हाय. मी आणलं न्हाय."

रस्त्यावरनं एक भंगारवाला ओरडत गेला. तो गेल्यावर सम्राट बोलला, तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता.

"पस्तीस वर्षं ठाव हाय तुमाला."

"व्हय."

"मी लायसन काढलं तेव्हा पेढे वाटले तुम्ही. अख्ख्या गल्लीत. तेव्हा ठाव हुतं."

"हुतं. मला वाटलं, तू सुटलास. सव्वीस वर्षांचा हुतास, लांबचा बोर्ड वाचून दाखवायचास मला. माझं तर चोविसाला सगळं संपलं हुतं. म्हटलं, आता कशाला सांगायचं."

"मला सांगितलं असतं तर मी स्टेअरिंगच धरलं नसतं, आबा. दुसरं कायतरी शिकलो असतो. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी काय शिकू?"

बनाबाईचा चेहरा आबांनी बघितला होता, ती दीड वर्षाची असताना, धुक्यातनं बघावा तसा. सम्राटचा कधीच नाही. पोरगं कसं दिसतं हे त्यांना हातानंच ठाऊक होतं, आणि तो मोठा झाल्यावर तोंडावरनं हात फिरवणंही सुटलं होतं. आज त्यांना तो हात फिरवावासा वाटला. पण आत्ता त्या हाताला पोरगं झिडकारील, हेही त्यांना कळत होतं.

"शिव्या दे," ते म्हणाले. "पण उद्या जाऊ नको."

"तुम्ही सांगायचं मला?"

"दुसरं कोण सांगणार?"

प्रियदर्शनी रडत नव्हती. ती उठली, बादली भरून आणली आणि दोघांच्या मध्ये ठेवली. आबांनी मांडीवरची पट्टी पाण्यात सोडली.

दार वाजलं. विहारातनं सगळी परत आली, बनाबाई बोलतच आत शिरली. "काय दिसतायत खुर्च्या, आबा. ती पोरं बसायलाच तयार न्हाईत, म्हणत्यात दसऱ्यापर्यंत नको." मग तिला सोप्यातली शांतता जाणवली. "काय झालं?"

सम्राटनं सांगितलं. एका दमात, सगळं, आपलंही आणि आबांचंही. मोना बापाच्या शेजारी जाऊन बसली, हे आबांना पुस्तक खाली ठेवल्याच्या आवाजावरनं आणि मग सम्राटच्या बाजूला झालेल्या कपड्यांच्या सळसळीवरनं कळलं.

बनाबाई मात्र उभीच राहिली.

"म्हंजी माझ्या राजवीरला पण हुईल?" तिनं विचारलं. राजवीर तिचा एकुलता एक मुलगा, चोवीस वर्षांचा. "आणि मला? आबा, मी तुमची लेक न्हाय व्हय? मलाबी न्हाय सांगितलं. माझ्या लग्नात तरी सांगायचं हुतं. सासरच्या माणसांस्नी काय म्हणू मी?"

"बना, मीच म्हणालो नको," चिमणाबाई मध्ये पडली. "हे सांगणार हुते. मिरजेसनं येताना एसटीत मीच ह्यांच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, पोरं खेळालीत, खेळू दे. आज न्हाय, उद्या सांगू. मग तुजं लग्न आलं, मग सम्याचं. उद्या उद्या करत राहिलं. ह्यांच्यावर एकट्यावर नको घालू."

आबांनी बायकोच्या दिशेनं तोंड वळवलं. पस्तीस वर्षांत ही गोष्ट तिनं कुणासमोर बोलून दाखवली नव्हती, त्यांच्यासमोरही नाही.

"तुम्ही दोघं म्हंजी," बनाबाई म्हणाली आणि तिला पुढं शब्द सापडेनात. ती धपकन भिंतीला टेकून बसली. आबांना वाटलं होतं ती पिशवी उचलून स्टँडचा रस्ता धरेल. लहानपणापासून तिची ती पद्धत होती, राग आला की चालायला लागायचं. पण ती बसली, आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, "उद्याची बस कोण चालवणार आता?"

सम्राटनं हातातली सुरी खाली ठेवली.

सम्राटनं खिशातनं फोन काढला. शाळेतल्या सरांचा नंबर लागला. "सर, सम्राट बोलतोय. उद्या सहलीला मी येत न्हाय. न्हाय, ताप न्हाय. डोळे हायत, सर. दुसरा माणूस बघा, पहाटेच्या आत बघा." पलीकडनं कुणीतरी बरंच बोललं. "न्हाय सर, उद्यापुरतं न्हाय. कायमचं. जूनमधी गेटला घासली ना, ते त्यामुळंच. मी आधी सांगायला पायजे हुतं. सॉरी." परत थोडा वेळ ऐकून तो म्हणाला, "किल्ल्या संध्याकाळी आणून देतो. चालत येतो."

फोन ठेवल्यावर त्याला हुंदका आला. एकच, मोठा, आणि मग लहान मुलासारखे चार. प्रियदर्शनीनं त्याच्या पाठीवरनं हात फिरवला. "आज रात्री झोप तरी लागंल," ती म्हणाली. आबा जागचे हलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांच्या हाताला ओली पट्टी लागली. चिमणाबाईनं दिली असेल असं त्यांना वाटलं, पण बोटं दांडगी होती.

"चौथं भोक," सम्राट नाक ओढत म्हणाला. "तुमच्या बाजूचं."

त्या दिवशी खुर्ची पुरी झाली नाही. कडेची किनार सोमवारी सम्राटनं बसवली. सकाळी सात वाजता, ज्या वेळी तो अठरा वर्षं बसमध्ये असायचा, त्या वेळी तो सोप्यात बसून खुंट्या ठोकत होता. आबांशी तो कामापुरतंच बोलला. राग होता आणि तो एका रविवारात जाण्यासारखा नव्हता. पण दुपारी खुर्ची विहारात पोचवून आल्यावर त्यानं विचारलं, "बुधवारी तुम्ही येताय ना मिरजेला?" आणि आबा म्हणाले, "येतो की."

बुधवारी सगळीच गेली. राजवीर शिरोळहून परस्पर आला होता. दवाखान्याच्या बोळात एका लांब बाकावर नर्सनं तपासायच्या पाचजणांना ओळीनं बसवलं आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत थेंब घालत गेली. डोळे मिटून बसा, उघडू नका, असं बजावत ती एकेकाला मागं टाकत आबांपर्यंत आली.

"आजोबा, वर बघा. थेंब घालायचेत."

आबांनी मान वर केली. "घाल की. ह्या सगळ्यांस्नी दिसायचं बंद केलंस, माझं आता काय बंद करतीस?"

मोना आधी हसली. मग राजवीर, मग बनाबाई. सम्राटचं हसू सगळ्यात शेवटी आलं, पण आलं. नर्स गोंधळून उभी राहिली आणि मग तीही हसू लागली.

डॉक्टर तरुण बाई होती. ती सम्राटला समोर बसवून त्याच्याशीच बोलली, बरोबरच्यांशी नाही. आबांनी ते ध्यानात ठेवलं. "गाडी बंद," ती म्हणाली. "सायकलसुद्धा नको. मधली नजर अजून बरीच वर्षं राहील. किती, ते मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही." बनाबाई आणि राजवीर ह्यांचे डोळे साफ होते. बनाबाईनं ते दोनदा वदवून घेतलं. मोनाच्या वेळी आबांनी काठी घट्ट धरली.

"आज तरी काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाली. "पण हिनं दरवर्षी यायचं."

"आणि एखाद्या वर्षी दिसलं तर?" मोनानं विचारलं.

"तर आपल्याला लवकर कळलेलं असेल. त्याचा फार उपयोग होतो."

"मग येईन," मोना म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता. शेजारी सम्राटनं सोडलेला श्वास आबांना ऐकू आला.

शाळेनं अजून काही कळवलं नव्हतं. पुढं काय करायचं ह्यावर प्रियदर्शनीचे चार विचार होते आणि बनाबाईचे सात, आणि ते सगळे त्या बोळातच बोलून झाले. मग प्रियदर्शनी कागद घ्यायला खिडकीशी गेली, चिमणाबाई रिक्षा बघायला पुढं गेली, आणि बाकीची दाराशी येऊन थबकली. बाहेर दुपारचं ऊन होतं. थेंबांमुळं चौघांनाही डोळे उघडवत नव्हते.

"का थांबलाय?" आबांनी विचारलं.

"समोर नुसतं पांढरं झालंय, मामा, खालचं कायच दिसंना," राजवीर सम्राटला म्हणाला.

"मलाबी न्हाय."

आबांनी काठीनं उंबरा शोधला. "कठडा उजव्या हाताला हाय," ते म्हणाले. "अकरा पायऱ्या, मग जरा सपाट, मग तीन. येताना मोजल्यात मी. धरा एकमेकाला."

जरा वेळ काहीच झालं नाही. मग त्यांच्या खांद्यावर एक हात आला. दांडगा, बोटांना वेताचे ताजे चरे पडलेला. त्याच्यामागं मोना, तिच्यामागं राजवीर, आणि सगळ्यांच्या मागनं बनाबाईचा आवाज, कुणी कुणाला कसं धरायचं ते सांगणारा.

आबा उतरू लागले. तिसऱ्या पायरीवर बनाबाई म्हणाली, "आबा, सावकाश की. आमाला सवय न्हाय."

त्यांनी पाऊल आखडतं घेतलं आणि चौथ्या पायरीपासून मोठ्यानं मोजायला सुरुवात केली.